कापायचं कुठे, हे कोण शिकवणार?

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं तर आज साधनांची अडचण फारशी येत नाही. फुकट सॉफ्टवेअर आहे, बऱ्या कॅमेऱ्याचा फोन आहे आणि ‘सिनेमॅटिक एडिटिंग’ असं यूट्यूबवर शोधलं की मराठी, हिंदी, इंग्रजी धड्यांचा ढीग समोर पडतो. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकची जुनी ओळख ऊस, द्राक्षं आणि पालेभाजीची. आता तिथेही लग्नाचे, वाढदिवसाचे, प्री-वेडिंगचे व्हिडिओ करणारी मुलं-मुली आहेत आणि शेतीचे व्हिडिओ करू पाहणारेही आहेत. शेजारच्या लोणी काळभोरला राज कपूर यांची राजबाग. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं (१९७८) चित्रीकरण तिथलं. त्याच आवारात आज एमआयटी विद्यापीठाची चित्रपटशाळा आहे. उलट दिशेला शहर ओलांडून गेलं की विधी महाविद्यालय रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट. एवढं सगळं आसपास असूनही नवशिक्याचा पहिला गुरू बहुतेक वेळा फोनच्या पडद्यावरचा एखादा अनोळखी आवाज असतो.

त्या आवाजाबद्दल मला आदर आहे, कारण तो फुकट शिकवतो आणि रात्री दोन वाजताही शिकवतो. पण असे बरेच धडे पाहिल्यावर एक उणीव ठळक दिसते. ते शॉट सजवायला शिकवतात, निवडायला शिकवत नाहीत. वर-खाली काळ्या पट्ट्या, सावल्यांत निळसर छटा, चेहऱ्यावर नारिंगी, प्रत्येक कटावर हूश असा आवाज, मधूनच स्लो मोशन. दहा मिनिटांत ‘सिनेमासारखं’ दिसणारं काहीतरी तयार होतं खरं, पण हा शॉट इथेच का संपला, पुढचा हाच का आला, याचं उत्तर करणाऱ्याकडे नसतं. त्यामुळे पुढच्या वेळी फुटेज बदललं की तो पुन्हा नवा धडा शोधायला निघतो.

चित्रपट कसा करतात हे लोकांना पडद्यावर दाखवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर चार वर्षांनी, १९१७ साली, दादासाहेब फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत फाळके स्वतः दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना. प्रेक्षकाला त्यांनी यंत्र दाखवलं, पण यंत्राशी काम करणारा माणूसही दाखवला. त्याआधीचा त्यांचा प्रयोग तर मला आजही नवशिक्यासाठी उत्तम पहिला धडा वाटतो. चित्रपटासाठी भांडवल मिळवायचं होतं म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या-थोड्या अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकाला काही क्षणांत दाखवली. कुठला वेळ ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हाच त्या प्रयोगाचा गाभा. एडिटिंगचाही तोच आहे. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं शिकल्या, त्या काम करता-करता.

प्रभात फिल्म कंपनीची माणसंही अशीच घडली. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्याला आली. शांताराम, दामले, फत्तेलाल यांचं शिक्षण बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, हाताखाली राहून झालेलं. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि हाताखालच्या शिक्षणाला अभ्यासक्रम मिळाला. स्टीनबेक टेबलवर खरी फिल्म कापताना प्रत्येक कटाला श्रम पडत. फिल्म कापायची, चिकटवायची, पुन्हा लावून पाहायची, जमलं नाही तर सांधा सोडवायचा. त्यामुळे कापण्याआधी विचार आपोआप व्हायचा. ‘जाने भी दो यारो’, ‘अर्ध सत्य’ आणि ‘परिंदा’ संकलित करणाऱ्या रेणू सलुजा याच संस्थेत शिकल्या. संस्थेत सतीश बहादूर आणि जवळच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी चित्रपट बारकाईने पाहायला शिकवण्याची जी परंपरा रुजवली, तिचा फायदा पुण्यातल्या कित्येक हौशी प्रेक्षकांनाही झाला. या शिक्षणात शेजारी बसून “इथे का कापलंस?” असं विचारणारा माणूस भेटतो. अडचण जागांची. त्या मोजक्याच असतात. २०१७ पासून संस्थेने ‘स्किफ्ट’ या नावाने देशभर छोटे अभ्यासक्रम घेतले, त्यांत स्मार्टफोनवरच्या चित्रपटनिर्मितीचेही होते. ते चांगलं पाऊल होतं. तरी अशा वर्गाला पोचणारे थोडे आणि शिकू पाहणारे खूप, ही तफावत राहतेच.

आणखी एक शाळा आहे, जिच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्यांची. एकेकाळी दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर, पुढे संगणक आणि त्यावर एडियस हे सॉफ्टवेअर. तालुक्याच्या गावोगावी या छोट्या खोल्यांत मुलं उस्तादाशेजारी बसून शिकली. लग्नसराईत रात्ररात्र जागून त्यांनी तीन कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवलं, कार्ड रिकामं करण्याआधी दोन ठिकाणी प्रत ठेवायची शिस्त अंगी बाणवली आणि ग्राहकाला दिलेली तारीख पाळली. तयार साच्यात फोटो ओतण्याची सवय इथूनच पसरली, हे खरं. पण हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या कित्येक तासांच्या फुटेजातून मुलीच्या वडिलांचा चेहरा नेमका कधी बदलला ते शोधून काढणारा मिक्सिंगवाला निवड करतच असतो. नव्या धड्यांनी या माणसांना जाऊन विचारायला हवं, ते कोणी करत नाही.

आता यूट्यूबवरचे धडे. ढोबळमानाने तीन जाती दिसतात. एक बटणांचे: सॉफ्टवेअर उघडा, इथे दाबा, तिथे ओढा. हे लागतात, पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की शिळे होतात. दुसरे दिसण्याचे: रंगछटा, ट्रान्झिशन, साचे. सर्वाधिक पाहिले जातात ते हेच. तिसरे चिकित्सेचे: एखाद्या चित्रपटातला प्रसंग थांबवत थांबवत समजावणारे. माझ्या मते उत्तम ते हेच, पण जवळपास सगळे इंग्रजीत आणि हॉलिवूडच्या उदाहरणांवर. मराठीत तिसऱ्या जातीचे धडे फारच थोडे आहेत आणि खरी पोकळी तिथेच आहे.

परदेशी धडे जसेच्या तसे उचलले की तांत्रिक घोळही होतात. सेकंदाला २४ चौकटी हा आकडा बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात पक्का झाला, म्हणून बहुतेक धडे २४ वर ठेवा म्हणतात. त्यांतले पुष्कळसे अमेरिकेतले. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. आपल्याकडे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी दिव्याखाली शटर १/६० वर ठेवून शूट केलं की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. मंगल कार्यालयातल्या कितीतरी व्हिडिओंमध्ये हे पट्टे असतात आणि एडिटिंगमध्ये ते घालवणं फार अवघड जातं. उपाय सोपा आहे: २५ चौकटी आणि शटर १/५०, किंवा उजेड जास्त असेल तर १/१००. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही मुभा नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या फुकट ॲपमध्ये ती मिळते. मराठी धड्यात हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

दुसरा घोळ आवाजाचा. बरेच फोन चौकटींचा वेग एकसारखा ठेवत नाहीत, उजेडाप्रमाणे तो कमी-जास्त होतो. असं फुटेज काही सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द वेगळे पडतात. नवशिक्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज आधी एकसारख्या वेगाचं करून घेतलं की प्रश्न मिटतो, पण हे कोणी सांगितलंच नाही तर तो बिचारा आठवडाभर आवाज पुढे-मागे सरकवत बसतो. तिसरा घोळ देवनागरीचा. प्रीमिअरच्या काही आवृत्त्यांत अक्षररचनेची सेटिंग दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून कित्येकजण शीर्षक फोटोशॉपमध्ये करून चित्र म्हणून आणतात. मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फाँट फुकट मिळतात आणि मोठ्या पडद्यावरही नीट वाचता येतात. पण धड्यांत टायटल येतं ते इंग्रजी अक्षरांतच, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

आणि संगणक. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एवढी समर्थ आहे की नवशिक्याला पुढची कित्येक वर्षं पैसे भरावे लागू नयेत. पण ८ जीबी मेमरीच्या घरगुती लॅपटॉपवर ती अडखळते. हलक्या प्रती करून, म्हणजे प्रॉक्सीवर काम करायला शिकवलं तर बराच त्रास वाचतो. तरीही जमत नसेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट आहेत, फोनवर काइनमास्टर आणि व्हीएन आहेत. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर धड्यांखाली जेवढी भांडणं होतात, तेवढी त्या प्रश्नाची लायकी नाही. कट सगळीकडे सारखाच बसतो.

मग धडा कसा असावा? याचं एक चांगलं उत्तर महाराष्ट्रातच तयार आहे. मुंबईच्या आयआयटीने प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. ऑडॅसिटी, जिम्प, ब्लेंडर अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे त्यांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, कारण नोकरीत तेच समोर येणार, पण समजावणारा आवाज आपल्या भाषेत. शिकणाऱ्याने एका बाजूला धडा ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची एक पायरी: धडा ध्वनिमुद्रित होण्याआधी त्याची संहिता विषयाची ओळख नसलेल्या माणसाकडून करून बघतात. तो जिथे अडतो तिथे संहिता सुधारते. एडिटिंग शिकवणाऱ्या किती वाहिन्या एवढं करतात? शिकवणाऱ्याला जे हाताच्या सवयीने येतं ते त्याला दिसेनासं होतं आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. लांबीबद्दल फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास केला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहतात, असं त्यात आढळलं. चाळीस मिनिटांचा ‘संपूर्ण कोर्स एकाच व्हिडिओत’ करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मात्र स्पोकन ट्युटोरियलची पद्धत साधन शिकवायची आहे. निवड शिकवायची तर कच्चा माल द्यावा लागतो. अमेरिकेतल्या चित्रपटशाळांत ‘गनस्मोक’ या जुन्या मालिकेचे न कापलेले शॉट विद्यार्थ्यांना सरावासाठी देत आले. एकच प्रसंग वर्गातल्या प्रत्येकाने कापायचा आणि मग सगळ्यांचे एकामागोमाग पाहायचे. तोच नट, तेच संवाद, आणि एकाच्या कापण्यात खलनायक भित्रा वाटतो, दुसऱ्याच्या कापण्यात क्रूर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की एडिटरचं काम काय हे वेगळं सांगावं लागत नाही. नवशिक्याला घरबसल्या नेमकं हेच मिळत नाही. त्याच्याकडे स्वतःचं फुटेज तोकडं, आणि धड्यातलं फुटेज गुरुजींच्या संगणकात.

असा कच्चा माल मांजरीत करता येईल. मांजरीचा उपबाजार घ्या. शेतकरी स्वतः भाजी आणून किरकोळ विक्रेत्यांना विकतात, पालेभाजीचा मोठा व्यवहार होतो. तिथे परवानगी घेऊन वीस-पंचवीस शॉट घ्यावेत: टेम्पोतून उतरणाऱ्या जुड्या, भाव करणारे हात, पैसे मोजणारी बोटं, गिऱ्हाइकाची वाट पाहणारा एका शेतकऱ्याचा चेहरा, रिकामं होत जाणारं आवार. शिवाय नुसता आवाज वेगळा टिपावा, गलका, लिलावासारखी हाकाटी, टेम्पोचा हॉर्न, आणि कोणी बोलत नसतानाची ती जागा.

पहिला धडा त्या चेहऱ्याचा. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने नट मोझ्झुखिनचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या बशीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख, वासना दिसली, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. आपण शेतकऱ्याचा तोच शॉट एकदा न विकल्या गेलेल्या मेथीच्या ढिगाशेजारी ठेवायचा, एकदा हातातल्या नोटांशेजारी, एकदा टेम्पोत झोपलेल्या मुलाशेजारी. तीन वेळा ओढा, तीन वेळा पाहा. फार तर सहा मिनिटांचं काम, एकही इफेक्ट नाही. आणि इथेच एक जबाबदारीही शिकवता येते: हा माणूस खरा आहे, त्याच्या चेहऱ्यावर आपण जे चिकटवतोय ते त्याच्या वाट्याला आलेलं होतं का?

दुसरा धडा शॉट किती वेळ धरायचा याचा. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) न्यायालय रिकामं होतं, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काही काळ काळाच राहतो. रीलची सवय लागलेल्या मुलाला वाटेल की हे आधीच कापायला हवं होतं. त्याला कापून पाहू द्यावं. रेल्वे फाटकावर ताटकळणं मांजरीकरांच्या वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं होतं. ते दाखवायचं तर तीन सेकंद पुरतील, की पाहणाराही थोडा कंटाळायला हवा? संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटाच्या सहा कसोट्या सांगताना भावनेला ५१ टक्के वजन दिलं, कथेला २३ आणि लयीला १०. उरलेल्या सगळ्या तांत्रिक शुद्धतेला मिळून १६. आकड्यांचा हट्ट नको, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. याच मर्च यांच्या हिशेबाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’चं संकलन दिवसाला सरासरी दीड कटापेक्षाही कमी वेगाने झालं. बाकीचा वेळ पाहण्यात, जोडून बघण्यात आणि मोडण्यात गेला.

तिसरा धडा आवाजाचा, आणि तो रंगाच्या आधी यावा असा माझा आग्रह आहे. धड्यांत रंगाला चार व्हिडिओ आणि आवाजाला शेवटची दोन मिनिटं मिळतात. आपल्याकडे १९३७ साली ‘कुंकू’ने पार्श्वसंगीत टाळून भोवतालच्या आवाजांवर चित्रपट पेलला. ‘सैराट’च्या (२०१६, संकलन कुतुब इनामदार) अखेरीस आवाज काढून घेतला आहे, आणि ज्यांनी तो थिएटरमध्ये पाहिला त्यांना ती शांतता आठवते. नवशिक्याने बाजाराचा गलका पुढच्या शॉटच्या एक सेकंद आधी सुरू करून पाहावा, मग मागच्या शॉटवरून पुढे ओढून पाहावा. जे-कट आणि एल-कट हे शब्द नंतर सांगितले तरी चालतात. कानाला फरक आधी कळू द्या. शिवाय लोकप्रिय गाणं खाली टाकण्याची सवय इथेच मोडते. स्वामित्वहक्काच्या दाव्याने व्हिडिओ अडकतो हे एक कारण, आणि गाणंच सगळं काम करत असल्यामुळे कट कसे आहेत हे कळतच नाही हे दुसरं.

रंग त्यानंतर. आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवणं, ढगाखालचा आणि उन्हातला चेहरा एकाच सकाळचा वाटणं. मग छटा. तयार लट (LUT), म्हणजे रंगछटेचा साचा, लावायचा असेल तर तो शेवटी, आणि अर्ध्या जोराने. काळ्या पट्ट्यांची चौकट हवी असेल तर शूट करतानाच तेवढी जागा सोडायला शिकवा, नाहीतर डोकी कापली जातात.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. नवशिका चमकदार रील करायला आलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी कुलेशोव्ह सांगितला तर तो दुसऱ्या वाहिनीवर जाईल. घरात दाखवण्याजोगं काहीतरी लगेच हातात यावं ही इच्छा साधी आणि रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणून पहिल्या धड्याच्या शेवटीच तीस सेकंदांचा पूर्ण व्हिडिओ तयार व्हावा, शीर्षकासह, फोनवर पाठवता येईल असा. बाजाराच्या फुटेजातून तो होतो. नंतर त्याच फुटेजातून प्रत्येक धड्यात तो सुधारत न्यायचा. माल तोच असल्यामुळे बदलतो तो फक्त निर्णय, आणि शिकणाऱ्याला तो बदल आपल्याच हातचा म्हणून दिसतो.

प्रतिक्रियेचं काय करायचं हा प्रश्न मात्र यूट्यूबच्या धड्याने सुटत नाही. शेजारी बसून विचारणारं कोणीतरी लागतंच. त्यासाठी फार मोठी संस्था नको. महिन्यातून एका संध्याकाळी वाचनालयाच्या किंवा शाळेच्या खोलीत पाच-सहा जणांनी एकाच फुटेजाचे आपापले कट लावावेत. तिथे लोणीच्या चित्रपटशाळेतली मुलं यावीत आणि मिक्सिंगचा व्यवसाय करणारेही. पहिल्यांना सिद्धांत येतो, दुसऱ्यांना हजारो तासांचं फुटेज पाहिल्याची नजर असते. नियम एकच पुरे: चांगलं-वाईट म्हणण्याआधी आपल्याला काय वाटलं आणि कुठल्या क्षणी वाटलं ते सांगायचं.

पहिलं काम फुटेजाचं आहे. वीस-पंचवीस शॉट, वेगळा टिपलेला आवाज, २५ चौकटींवर, चित्रात दिसणाऱ्या प्रत्येकाच्या संमतीने, आणि कोणालाही उतरवून घेता, कापता, पुन्हा प्रसिद्ध करता येईल अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. सोबत छोट्या लॅपटॉपसाठी हलक्या प्रतींचा एक संच. दोन सकाळी आणि एक हार्ड डिस्क, एवढ्यात हे होतं. धडे त्यानंतर कोणीही करावेत, मांजरीतल्या कोणी केले तर उत्तम.